बेदाणा, मनुका आणि किसमिस

बेदाणा, मनुका आणि किसमिस हे वाळवलेल्या द्राक्षासाठी मराठीत रूढ असलेले तीन शब्द होत. सर्वसाधारण लेखनात ते एकमेकांच्या जागी वापरले जातात. मात्र द्राक्षबागायत, व्यापार आणि आयुर्वेद या क्षेत्रांत त्यांच्या अर्थच्छटा वेगळ्या राहिल्या आहेत. ज्या भाषेत या तिन्हींसाठी मूळ शब्द एकच आहे, अशा स्पॅनिशसारख्या भाषेत अनुवाद करताना किंवा तिच्यातून मराठीत आणताना हा भेद विशेष जाणवतो.

व्युत्पत्ती

‘बेदाणा’ हा शब्द फारसीतून आला. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘दाना’ म्हणजे बी. अर्थात ज्यात बी नाही ते फळ. शब्दात द्राक्षाचा उल्लेखच नसल्याने प्रांतोप्रांती त्याचा अर्थ बदलला. बंगालीत ‘बेदाना’ म्हणजे डाळिंब. ‘किसमिस’ हाही फारसी शब्द असून मध्य आशियात तो बिनबियांच्या ताज्या द्राक्षाच्या वाणालाही लावला जातो. ‘मनुका’ या शब्दाचा संबंध ‘मुनक्का’ या अरबी-फारसी शब्दाशी जोडला जातो. त्याचा मूळ अर्थ ‘स्वच्छ केलेले, बिया काढलेले’ असा आहे. प्रत्यक्षात मात्र हिंदीत ‘मुनक्का’ म्हणजे बी असलेले, आकाराने मोठे सुके द्राक्ष. शब्दाचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीवरून ठरवू नये, याचे हे चांगले उदाहरण म्हणता येईल.

संस्कृतात द्राक्षा, मृद्वीका, गोस्तनी असे पर्याय आहेत. आयुर्वेदातील द्राक्षासव, द्राक्षारिष्ट यांच्या नावात ‘द्राक्षा’ असली, तरी ती बनवताना प्रायः सुकी द्राक्षे, म्हणजे मनुकाच घेतात.

कवठे महांकाळ परिसरातील वापर

सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ हा पर्जन्यछायेतील तालुका. अग्रणी नदीचे हे खोरे अवर्षणप्रवण असले, तरी फेब्रुवारी ते एप्रिल या काळातील कोरडी हवा द्राक्षे वाळवण्यास अनुकूल असते. त्यामुळे तासगाव, मिरज व जत या शेजारच्या तालुक्यांप्रमाणे येथेही बेदाणानिर्मिती स्थिरावली. नागज परिसरात रस्त्याच्या कडेला बेदाण्याची शेड ओळीने दिसतात.

येथे ‘बेदाणा’ हा शब्द केवळ पदार्थाचा नव्हे, तर एका विशिष्ट प्रक्रियेचा वाचक आहे. थॉम्पसन सीडलेस किंवा तिच्यातून तासगाव तालुक्यात निवडलेली तास-ए-गणेश अशा बिनबियांच्या वाणांचे पक्व घड पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएट यांच्या द्रावणात काही मिनिटे बुडवतात. प्रचलित शिफारशीनुसार एक लिटर पाण्यास पहिल्याचे 25 ग्रॅम व दुसऱ्याचे 15 मिली असे प्रमाण असते. या द्रावणाने सालीवरील मेणाचा थर सैल होऊन आतील पाणी लवकर बाहेर पडते. त्यानंतर घड शेडमधील जाळ्यांच्या कप्प्यांवर, उन्हात नव्हे तर सावलीत, सुमारे पंधरवडाभर सुकवले जातात. रंग टिकवण्यासाठी गंधकाची धुरी देतात. साधारणतः चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो. याच सुमारास अवकाळी पाऊस झाला, तर माल काळवंडतो आणि सौद्यात त्याची प्रत घसरते.

अशा रीतीने तयार झालेल्या हिरव्या व पिवळ्या मालाला शेतकरी आणि अडते ‘बेदाणा’च म्हणतात. तोच माल मुंबई-पुण्याच्या मिठाईवाल्याकडे अनेकदा ‘किसमिस’ होतो. ‘सांगली बेदाणा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उत्पादनास 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

खरी अडचण काळ्या मालाची. परंपरेने मनुका म्हणजे बी असलेली, गडद रंगाची, औषधी उपयोगाची. परंतु शरद सीडलेससारख्या काळ्या, बिनबियांच्या वाणांचा माल बाजारात आल्यापासून त्यालाही ‘काळी मनुका’ म्हणू लागले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो ‘काळा बेदाणा’ ठरतो आणि व्यापारात हे नावही चालते. आता निकष बीचा राहिला नसून रंगाचा झाला आहे, असे म्हणावे लागते. वैद्याने ‘मनुका’ लिहून दिल्यास बी असलेली हवी की नुसती काळी, हे विचारून घेणे त्यामुळे श्रेयस्कर. शब्दाच्या लिंगाबाबतही एकवाक्यता नाही: ‘काळ्या मनुका’ आणि ‘काळे मनुके’ अशी दोन्ही रूपे ऐकू येतात.

स्पॅनिशमधील पर्याय

स्पॅनिशमध्ये द्राक्ष म्हणजे ‘ऊवा’ आणि सुके द्राक्ष म्हणजे ‘पासा’ किंवा ‘ऊवा पासा’. ‘पासा’चे मूळ लॅटिन असून ‘पसरलेली, उन्हात वाळवलेली’ असा त्याचा अर्थ आहे. हा शब्द विशेषणासारखाही येतो. ‘सिरुएला पासा’ म्हणजे सुके आलुबुखार. म्हणून संदर्भ स्पष्ट नसेल तेथे ‘ऊवा पासा’ लिहिणे सुरक्षित.

‘बेदाणा’ या शब्दातील ‘विना बी’ हा भाग ‘पासा’मध्ये नाही. तो आवश्यक असेल, तर ‘सिन सेमीयास’ (बियांविना) हे पद जोडावे लागते. उलट दिशेने अधिक चुका होतात. दक्षिण स्पेनमधील मालागाची ‘पासा’ प्रसिद्ध आहे. ती मोस्कातेल दे आलेहांद्रिया या बी असलेल्या वाणाची असून अक्सार्किया भागात डोंगरउतारांवर उन्हात वाळवली जाते. जागतिक अन्न व कृषी संघटनेने या पद्धतीला कृषी वारशाचा दर्जा दिला आहे. तिला मराठीत ‘मालागाचा बेदाणा’ म्हणणे म्हणजे बी असलेल्या फळाला बिनबियांचे म्हणणे होय. येथे ‘मनुका’ हाच शब्द योग्य. ‘पासा दे कोरिंतो’ मात्र अतिशय बारीक, काळी आणि जवळजवळ बिनबियांची असते. तिला मराठीत नेमका शब्द नसल्याने ‘कोरिंथचा बारीक काळा बेदाणा’ असे वर्णनच करावे लागते.

आयात-निर्यातीच्या कागदपत्रांत हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे सर्व प्रकारांना ‘वाळवलेली द्राक्षे’ या 0806.20 क्रमांकाच्या एकाच उपशीर्षाखाली घातले जाते.