ओठ न मिटता रामकथा

मोरोपंत पराडकरांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्यास झाला आणि १७९४ साली बारामतीस त्यांनी देह ठेवला. त्यांनी एकशेआठ रामायणे रचली, अशी परंपरा आहे. एकच कथा इतक्या वेळा सांगावयाची, तर दर वेळी नवे बंधन स्वीकारणे आले. कोठे श्लोकांत राममंत्राची अक्षरे गुंफली, तर कोठे ओठांनी उच्चारावयाचे वर्णच वर्ज्य केले. हे दुसरे ते ‘निरोष्ठ रामायण’.

ही कल्पना संस्कृत साहित्यात जुनीच होती. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्ताचे ओठ प्रियेच्या दंतक्षतांनी दुखावलेले असतात, म्हणून तो आपली सारी हकीकत ओष्ठ्य वर्णांवाचून कथन करतो. तेथे बंधनाला कथेतच कारण आहे. मोरोपंतांची अडचण निराळी होती. प, फ, ब, भ, म ही पाच व्यंजने सोडावयाची, म्हणजे ‘पण’ गेले, ‘मी’ गेले. आणि ज्याची कथा सांगावयाची, त्या रामाचे नावही गेले! भक्ताने नामच टाकावे, याहून कठीण नियम तो कोणता?

परंतु याच अडचणीतून वाट निघते. राम म्हणता येत नाही. पण दशरथनंदन म्हणता येते, सीताकांत म्हणता येते, जानकीनाथ म्हणता येते. नाव हरपले की नाती पुढे येतात. आणि पित्याचे वचन पाळणारा पुत्र व पत्नीच्या शोधार्थ वणवण करणारा पती, हीच तर रामकथा! सवयीने जिभेवर येणारा पहिला शब्द नियम अडवितो. मग कवीला दुसरा शोधावा लागतो, आणि शोधता शोधता अर्थाचाच नव्याने विचार करावा लागतो.

असे असले तरी प्रत्येक बंधन फलद्रूप होतेच असे नाही. या रचनांत कसरत अधिक आणि काव्य कमी, हा आक्षेप पुष्कळ अंशी खरा आहे. तथापि या व्यासंगाचे मोल ‘केकावली’त दिसते. केका म्हणजे मोराची हाक; मयूर कवीने ईश्वराला घातलेली ही आर्त साद. तिचे पृथ्वी वृत्त चरणाला मोजून सतरा अक्षरे देते, आणि त्यांचा लघुगुरुक्रमही ठरलेला. तरीही तेथे वृत्ताचा जाच जाणवत नाही; ऐकू येते ती व्याकुळता. शब्दांवर असे प्रभुत्व एका दिवसात येत नसते. ज्याने रामनामावाचून रामकथा सांगितली, त्याला सतरा अक्षरांचे अंगण अपुरे वाटले नाही, यात नवल ते काय!