पाली–सुधागडचा फितवा (१६८१)

छत्रपती संभाजी महाराजांविरुद्ध १६८१च्या पावसाळ्यात रचला गेलेला कट आणि त्यातील आरोपींना झालेल्या देहदंडाचे प्रकरण. पेण व रोहे तालुक्यांना लागून असलेल्या आजच्या सुधागड तालुक्यात (जि. रायगड) हे घडले. कोण कोणाशी एकनिष्ठ होते, हा प्रश्न मराठ्यांच्या इतिहासात इतक्या गुंत्याने क्वचितच उभा राहिला असेल. आरोपींत शिवछत्रपतींनी पारखून घेतलेली माणसे होती, कट उघड करणारा मोगल शाहजादा स्वतः बापाविरुद्ध उठलेला बंडखोर होता आणि निवाडा करणारे छत्रपती एकेकाळी स्वतःच शत्रूच्या छावणीत राहून आलेले होते.

पार्श्वभूमी : डिसेंबर १६७८मध्ये युवराज संभाजी मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले. वर्षभराने ते तिथून निसटून पन्हाळ्यास परतले. ३ एप्रिल १६८० रोजी शिवछत्रपतींचे रायगडावर निधन झाले आणि त्याच महिन्यात अण्णाजी दत्तो प्रभृती प्रधानांनी राणी सोयराबाईंचे पुत्र राजाराम यांना मंचकी बसवले. संभाजींना कैद करण्यासाठी प्रधान पन्हाळ्याकडे निघाले, तेव्हा सेनापती हंबीरराव मोहिते यांनी त्यांनाच धरले. हंबीरराव सोयराबाईंचे सख्खे भाऊ. भाच्याच्या गादीपेक्षा थोरल्या युवराजाचा हक्क त्यांनी मोठा मानला. सोयराबाईंच्या पक्षाला हा द्रोह वाटला असणार, पण राज्य दुभंगण्यापासून वाचले ते या निर्णयामुळे. १६ जानेवारी १६८१ रोजी संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. अण्णाजींना माफी देऊन पुन्हा प्रधानमंडळात घेण्यात आले.

शाहजादा अकबर : याच जानेवारीत औरंगजेबाचा मुलगा अकबर याने राजपुतांच्या बळावर स्वतःला बादशहा म्हणून जाहीर केले. अजमेरजवळ बापलेकांच्या फौजा समोरासमोर आल्या. तेव्हा औरंगजेबाने अकबराच्या नावे एक पत्र लिहिले आणि ते राजपुतांच्या हाती पडेल अशी तजवीज केली. ठरल्याप्रमाणे राजपुतांना जाळ्यात आणल्याबद्दल त्यात मुलाची तारीफ केली होती. अकबराचे बंडच बनावट आहे, असे वाटून राजपूत रातोरात निघून गेले आणि लढाई न होताच त्याची फौज विरघळली. दुर्गादास राठोड यांना ही चाल उमगली, तेव्हा त्यांनी अकबराला पाठीशी घातले आणि दक्षिणेत आणले. जूनच्या आरंभी दोघे पालीस पोहोचले. सुधागडाच्या पायथ्याशी धोंडसे गावात एका शाकारलेल्या घरात अकबराची राहण्याची सोय झाली. स्वागताला महाराजांनी पाठवलेले सरदार होते हिरोजी फर्जंद. स्वतः महाराज मात्र पाहुण्याला लगेच भेटले नाहीत.

कट व शिक्षा : या मुदतीत महाराजांवर विषप्रयोगाचा प्रयत्न झाला. तो फसल्यावर कटवाल्यांनी अकबराशी संधान बांधून मदत मागितली. अकबराने ती नाकारली आणि महाराजांना सावध केले. मुंबईकर इंग्रजांच्या तत्कालीन पत्रव्यवहारात या घडामोडींची खबर आहे, म्हणून कट झालाच नव्हता असे म्हणता येत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस अण्णाजी दत्तो, त्यांचे बंधू सोमाजी, हिरोजी फर्जंद, बाळाजी आवजी चिटणीस व बाळाजींचा मुलगा आवजी यांना देहदंड झाला. त्यांना हत्तीच्या पायी दिल्याचे परंपरा सांगते. २७ ऑक्टोबरला सोयराबाईंचे निधन झाले. १३ नोव्हेंबर १६८१ रोजी पातशहापूर (आजचे पाच्छापूर) येथे महाराज व अकबर यांची भेट झाली. त्याच महिन्यात औरंगजेब फौजेनिशी बुऱ्हाणपुरास येऊन ठेपला होता.

आरोपींची निष्ठा : १६६६मध्ये आग्र्याहून शिवछत्रपती निसटले, तेव्हा त्यांच्या जागी बिछान्यात निजून राहिलेले हिरोजी ते हेच. अण्णाजींनी १६७३मध्ये पन्हाळा घेण्याच्या मसलतीत पुढाकार घेतला होता आणि स्वराज्याच्या जमीनमोजणीवर त्यांची छाप आहे. दोघांनीही शिवछत्रपतींशी कधी दगा केला नाही. त्यांची निष्ठा राजावर होती आणि त्याच्या मागे ती थोरल्या वारसाकडे वळली नाही. दिलेरखानाच्या छावणीत राहून आलेल्या युवराजावर विश्वास ठेवणे त्यांना अवघड गेले असेल. पण अविश्वास निराळा आणि माफी घेतल्यावर मोगल शाहजाद्याला हाताशी धरून छत्रपतींचा घात करू पाहणे निराळे. या कृत्याचे समर्थन त्यांच्या पूर्वसेवेने होत नाही.

बाळाजी आवजींची बाब वेगळी. चिटणीस बखरीच्या मते ते निर्दोष होते आणि महाराणी येसूबाईंनी या शिक्षेबद्दल महाराजांना स्पष्ट शब्दांत बोल लावला. मात्र बखरकार मल्हार रामराव चिटणीस हे बाळाजींचेच वंशज आणि बखर घटनेनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिलेली. म्हणून ही साक्ष एकटी पुरेशी धरता येत नाही. तिला बळ मिळते ते पुढच्या घटनांनी. बाळाजींचे दुसरे पुत्र खंडो बल्लाळ यांनी वडील व भाऊ गमावूनही छत्रपतींची चाकरी सोडली नाही. महाराजांनीही त्यांना जवळ ठेवले. १६८३च्या गोव्याच्या मोहिमेत पाण्यात ओढल्या गेलेल्या महाराजांना त्यांनीच वाचवल्याची परंपरा आहे. पुढे जिंजीच्या वेढ्यातून छत्रपती राजाराम महाराजांना बाहेर काढताना, मोगलांकडे गेलेल्या गणोजी शिर्के यांना वळवण्यासाठी खंडो बल्लाळांनी आपल्या दाभोळच्या वतनावर पाणी सोडले. गणोजी हे येसूबाईंचे भाऊ. मोगलांच्या चाकरीत असूनही ऐन वेळी छत्रपतींच्या सुटकेला त्यांचा हात लागला.

स्थळे : पाली-नागोठण्यावरून वाहत पेणजवळ धरमतरच्या खाडीला मिळणाऱ्या अंबा नदीच्या खोऱ्यात सुधागड हा गड आणि पाच्छापूर व धोंडसे ही गावे आहेत. खोपोली–पाली रस्त्यालगत परळीच्या परिसरात आवंढे येथे बाळाजी आवजींची समाधी दाखवतात. बल्लाळेश्वर गणपतीच्या दर्शनाला पालीस येणाऱ्या भाविकांना ती वाटेवर आहे.

मूल्यमापन : जुन्या लेखकांनी या देहदंडावरून संभाजी महाराजांना क्रूर ठरवले. वा. सी. बेंद्रे यांनी १९६०च्या चरित्रात आणि पुढे कमल गोखले यांनी ‘शिवपुत्र संभाजी’मध्ये मूळ कागदपत्रांच्या आधारे हे चित्र तपासून दुरुस्त केले. त्यानंतर लोलक दुसऱ्या टोकाला गेला आणि कथा-मालिकांत सर्व आरोपी जन्मजात दगाबाज रंगवले जाऊ लागले. दोन्ही चित्रे अन्यायाची आहेत. कट खरा होता आणि छत्रपतींना तो मोडावाच लागला. तरी एका आदेशाखाली मेलेल्या सर्वांचा अपराध सारखा नव्हता. हिरोजींचा १६८१चा गुन्हा मान्य करूनही आग्र्याचे उपकार खोडता येत नाहीत आणि बाळाजींवरचा आरोप स्वतंत्र पुराव्यावाचून सिद्ध मानता येत नाही. शत्रूकडे जाऊन परतलेल्या युवराजाला इतिहासाने त्याच्या पुढच्या नऊ वर्षांच्या झुंजीवरून ओळखले. तीच पूर्ण आयुष्य पाहण्याची कसोटी त्याच्या हुकमाने मेलेल्या माणसांनाही लावली पाहिजे.