संप्रेरक उपचार, लिंगसंक्रमणातील : पूर्वतयारी

जन्मवेळी नोंदलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारी लिंगओळख यांचा मेळ नसलेल्या प्रौढ व्यक्तीस वैद्यकीय देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेन सुरू करण्यापूर्वी करावयाच्या तपासण्या, समुपदेशन, प्रजननविषयक निर्णय व कागदपत्रे. या तयारीकडे बराच काळ परवानगीची पायरी म्हणून पाहिले गेले. आज तिचे मुख्य काम आधारनोंद ठेवणे हे आहे. पहिल्या मात्रेनंतर शरीराची मूळ स्थिती पुन्हा मोजता येत नाही.

संज्ञा : मराठीत पारलिंगी, ट्रान्सजेंडर व तृतीयपंथी हे शब्द प्रचारात आहेत. ‘तृतीयपंथी’ हा शब्द मुख्यतः हिजडा-किन्नर समुदायासाठी रूढ असल्याने पारलिंगी पुरुषांचा (जन्मवेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या पुरुषांचा) त्यात सहसा समावेश होत नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ च्या वर्गीकरणात ‘लिंगओळख विकार’ हे नाव वगळून ‘लिंग-अस्वस्थता’ ही संज्ञा घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या रोगवर्गीकरणात ‘लिंगविसंगती’ मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे.

इतिहास : टेस्टोस्टेरॉनचे संश्लेषण १९३५ मध्ये झाले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९३९ च्या सुमारास, ब्रिटनमधील मायकेल डिलन यांनी ते घेण्यास सुरुवात केली. पुढे ते वैद्य झाले. १९४६ मध्ये त्यांनी अंतःस्रावशास्त्र व नीती या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. उत्तरायुष्यात त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, लोबझांग जिवाका हे नाव धारण केले आणि १९६२ मध्ये हिमालयातील डलहौसी येथे त्यांचे निधन झाले. अमेरिकेच्या क्रिस्टीन जॉर्गेन्सन यांच्यावर कोपनहेगन येथे क्रिश्चन हॅम्बर्गर यांनी उपचार केले. शस्त्रक्रियेआधी संप्रेरके देऊन परिणाम पाहण्याची पद्धत त्यांनी अवलंबिली. १९५२ मध्ये हे प्रकरण वर्तमानपत्रांतून जगभर गाजले. न्यूयॉर्कमधील अंतःस्रावतज्ज्ञ हॅरी बेंजामिन यांचा या विषयावरील ग्रंथ १९६६ चा. त्यांच्या नावाने निघालेल्या संघटनेने १९७९ मध्ये उपचारांची पहिली मानके जाहीर केली. त्याच संघटनेला आज पारलिंगी आरोग्याची जागतिक व्यावसायिक संघटना (डब्ल्यूपाथ) म्हणतात. मानकांची आठवी आवृत्ती सप्टेंबर २०२२ ची आहे.

मूल्यांकन : जुन्या मानकांत संप्रेरकांपूर्वी ठरावीक काळ अपेक्षित लिंगभूमिकेत राहून दाखविण्याची किंवा मानसोपचार घेण्याची अट असे. ती आता राहिलेली नाही. लिंगविसंगती ठळक व टिकाऊ आहे का, व्यक्तीला उपचाराचे परिणाम समजले आहेत का आणि संमती देण्याची क्षमता तिच्यात आहे का, एवढे पाहणे अपेक्षित असते. नैराश्य किंवा चिंताविकार असल्यास त्यावर उपचार करतात. त्याच्या नुसत्या असण्याने संप्रेरके नाकारली जात नाहीत. भारतात बहुतेक अंतःस्रावतज्ज्ञ मनोविकारतज्ज्ञाचे पत्र मागतात. हे पत्र अपरिहार्य असावे की माहितीपूर्ण संमती पुरेशी मानावी, याविषयी मतभेद आहेत. लिंगओळख ‘बदलविण्याचे’ तथाकथित उपचार मात्र राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. त्याआधी, २०२१ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाने या उपचारांविरुद्ध निर्देश दिले होते.

रक्ततपासणी व आधारनोंद : तयारीचा हा गाभा होय. वजन, उंची व रक्तदाब नोंदवून पुढील तपासण्या करतात : हिमोग्लोबिन व हिमॅटोक्रिटसह रक्तघटक, यकृत व मूत्रपिंडाचे कार्य, सोडियम-पोटॅशियम, उपाशीपोटीची साखर, मेदघटक, टेस्टोस्टेरॉन व इस्ट्रॅडिओल. इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत प्रोलॅक्टिनही पाहतात. एचआयव्ही व हिपॅटायटिसच्या तपासण्या सुचविल्या जातात. मात्र एचआयव्हीबाधा हा संप्रेरकांना अडसर नाही. गुणसूत्रांची तपासणी सरसकट लागत नाही. हाडे ठिसूळ होण्याचा धोका असल्यास अस्थिघनता मोजतात.

प्रत्येक तपासणीमागे ठरावीक कारण असते. टेस्टोस्टेरॉनमुळे तांबड्या पेशी वाढतात. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेल्यास रक्त घट्ट होऊन गुठळीचा धोका संभवतो, म्हणून मात्रा कमी करतात किंवा काही काळ थांबवितात. स्पायरोनोलॅक्टोन या पुरुषसंप्रेरकरोधकाने पोटॅशियम चढू शकते, त्यामुळे मूत्रपिंडाचा अहवाल आधी हवा. सायप्रोटेरोन हा दुसरा पुरुषसंप्रेरकरोधक देण्यापूर्वी यकृत तपासतात, तसेच मेंदूच्या आवरणात मेनिंजिओमा ही गाठ आहे किंवा पूर्वी होती का, याची चौकशी करतात.

नमुना सकाळी देणे श्रेयस्कर, कारण टेस्टोस्टेरॉनची पातळी दिवसभरात उतरत जाते. पाळी येत असल्यास तिचा कितवा दिवस हे चिठ्ठीवर लिहितात. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन मोठ्या प्रमाणात असते. काही यंत्रांवर त्यामुळे संप्रेरकांचे आकडे खोटे वर किंवा खाली दिसतात, म्हणून अशा गोळ्या निदान दोन दिवस आधी थांबवावयास सांगतात.

प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवरील ‘पु./स्त्री’ हा रकाना वैद्यकीयदृष्ट्या निर्णायक ठरतो. संगणक याच अक्षरावरून संदर्भमर्यादा निवडतो आणि आकड्यापुढे ‘कमी’ वा ‘जास्त’ अशी खूण छापतो. १२.४ ग्रॅम हिमोग्लोबिन स्त्रीच्या रकान्यात निरोगी, तर पुरुषाच्या रकान्यात रक्तक्षयाचे ठरते. क्रिएटिनीनवरून काढलेले मूत्रपिंडाचे कार्यही याच रकान्यानुसार बदलते. यासाठी चिठ्ठीवर संप्रेरके सुरू आहेत की नाहीत आणि असल्यास कधीपासून, हे लिहिण्याची शिफारस केली जाते. आधारनोंद जन्मवेळच्या लिंगाच्या मर्यादेशी ताडतात. टेस्टोस्टेरॉन स्थिरावल्यावर हिमोग्लोबिन व हिमॅटोक्रिटसाठी पुरुषांची मर्यादा धरतात. आधारकार्डावरचे नाव एक, केसपेपरवरचे दुसरे व अहवालावरचे तिसरे असल्यास जुने अहवाल हाती लागत नाहीत. म्हणून सर्व कागदांवर एकच नोंदणी क्रमांक ठेवणे सोयीचे ठरते.

पूर्वेतिहास : स्वतःला किंवा जवळच्या नातलगांना शिरेत गुठळी, पक्षाघात, हृदयविकार वा स्तनकर्करोग झाला होता का, दृष्टीसमोर झगमगाट दिसून होणारी अर्धशिशी आहे का व धूम्रपान आहे का, हे विचारतात. गुठळीचा धोका असलेल्यांना गोळीऐवजी त्वचेवरचा पट्टा किंवा जेल सुचवितात. टेस्टोस्टेरॉनच्या काही इंजेक्शनांत शेंगदाण्याचे तेल असते, त्यामुळे शेंगदाण्याच्या ॲलर्जीची चौकशीही आवश्यक आहे.

स्वयंऔषध : वैद्यांकडे येण्यापूर्वीच अनेक पारलिंगी स्त्रियांनी गर्भनिरोधक गोळ्या घेतलेल्या असतात. माला-डीच्या एका पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ संप्रेरकांच्या व ७ लोहाच्या. दिवसाला अनेक गोळ्या घेतल्याने बदल लवकर होतात, हा समज चुकीचा आहे. त्यांतील एथिनिल इस्ट्रॅडिओलमुळे गुठळीचा धोका इतर इस्ट्रोजेनांपेक्षा अधिक असल्याने मार्गदर्शक तत्त्वांत ते वर्ज्य आहे. आधी काय, किती व कधीपर्यंत घेतले हे न लपविता सांगणे गरजेचे, कारण त्यावाचून आधारनोंदीचे आकडे उलगडत नाहीत. अशा व्यक्तीला रागावून परत पाठविल्यास ती पुन्हा औषधाच्या दुकानाकडेच वळते.

प्रजननक्षमता : इस्ट्रोजेन व पुरुषसंप्रेरकरोधकांनी शुक्रजंतूंची निर्मिती घटते व ती पूर्ववत होईलच असे नाही. म्हणून वीर्य गोठवून ठेवायचे असल्यास ते पहिल्या मात्रेपूर्वी करतात. बीजांडे गोठविण्यासाठी सुमारे दोन आठवडे इंजेक्शने व योनिमार्गे सोनोग्राफी लागते. काही पारलिंगी पुरुषांना ती असह्य वाटते. टेस्टोस्टेरॉनने पाळी थांबली तरी ते गर्भनिरोधक नव्हे; गर्भ राहू शकतो व त्याला अपाय होऊ शकतो. सुरुवातीस गर्भ नसल्याची खात्री करून घेतात. भारतातील साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान अधिनियम, २०२१ यात पारलिंगी व्यक्तींचा स्वतंत्र उल्लेख नाही.

संमतीपत्र : यात बदलांचे अंदाजे वेळापत्रक दिलेले असते. टेस्टोस्टेरॉनने पाळी साधारणतः सहा महिन्यांत थांबते. आवाज पहिल्या वर्षात फुटू लागतो आणि औषध सोडल्यावरही तसाच राहतो. दाढी पूर्ण यायला काही वर्षे लागतात. इस्ट्रोजेनने तीन ते सहा महिन्यांत स्तनांची वाढ सुरू होऊन ती दोन-तीन वर्षे चालते. तीही औषध थांबवून मागे फिरत नाही. इस्ट्रोजेनने आवाज मात्र बदलत नाही व दाढी जात नाही. त्यांसाठी आवाजाचा सराव, लेझर वा इलेक्ट्रोलिसिस यांचा वेगळा खर्च धरावा लागतो.

कायदा व सोयी : राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियमाच्या कलम १५ मध्ये संप्रेरक उपचार, त्याआधीचे व नंतरचे समुपदेशन आणि त्यांच्या खर्चासाठी विमा यांची तरतूद करण्यात आली. आयुष्मान भारत योजनेच्या पारलिंगी व्यक्तींसाठीच्या भागाचा करार २०२२ मध्ये झाला. त्यात वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण जाहीर झाले व त्यासाठी ओळख प्रमाणपत्र हवे. मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात २०२३ मध्ये ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. हैदराबाद, कल्याण व पुणे येथील ‘मित्र’ ही पारलिंगींसाठीची क्लिनिके अमेरिकी निधी थांबल्याने जानेवारी २०२५ मध्ये बंद पडली.

अल्पवयीन : १८ वर्षांखालील व्यक्तींच्या उपचारांविषयी देशोदेशी धोरणे भिन्न असून पुराव्यांबाबत वाद चालू आहे. प्रस्तुत नोंद प्रौढांपुरती आहे.

कुटुंब, नोकरी व निवास : यांचा विचार समुपदेशनात करतात.

पहिली मात्रा : वरील अहवाल हाती आल्यावर सहसा कमी मात्रेने सुरुवात करतात. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी व नंतर वर्षातून एक-दोनदा तपासणी होते. पहिल्या मात्रेची तारीख केसपेपरवर ठळक लिहितात. पुढच्या सर्व तपासण्यांचे महिने तिच्यापासून मोजले जातात.