विश्लेषण : ट्रक-बसच्या इंजिनात दोष निघाला तर कंपनी गाड्या परत का बोलावते?

कारचा रिकॉल झाला की लगेच बातमी होते. ट्रक-बसच्या रिकॉलकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. खरं तर धोका तिथेच मोठा असतो, कारण बसमध्ये ४०-५० प्रवासी असतात आणि भरलेल्या ट्रकचं वजन कित्येक टन असतं.

रिकॉल म्हणजे काय?

एखाद्या मॉडेलच्या डिझाइनमध्ये, सुट्या भागात किंवा जुळणीत दोष असल्याचं लक्षात आलं, की कंपनी त्या बॅचच्या गाड्या परत बोलावते आणि दोष मोफत दुरुस्त करून देते. वापराने झिजणारे ब्रेक लायनर किंवा टायर यात येत नाहीत. दोष कंपनीकडून आलेला असावा लागतो.

इंजिनातला दोष धोकादायक का?

डिझेलची गळती होऊन ते तापलेल्या टर्बोवर किंवा एक्झॉस्टवर पडलं, तर आग लागू शकते. दुसरा धोका म्हणजे चालत्या गाडीचं इंजिन बंद पडणं. अवजड वाहनात पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर सहसा इंजिनवरच चालतात. इंजिन थांबलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकसाठी टाकीत साठलेल्या हवेवरच भागवावं लागतं. घाटात हे घडलं तर ड्रायव्हरच्या हाती फार कमी वेळ उरतो.

धूर हेसुद्धा कारण असू शकतं?

हो. २०१८ मध्ये अमेरिकेत कमिन्स कंपनीने सुमारे ५ लाख मध्यम आणि अवजड ट्रक परत बोलावले. हे ट्रक २०१० ते २०१५ या मॉडेल वर्षांचे होते. त्यांच्यात धूर स्वच्छ करणारी एससीआर यंत्रणा होती. यात डीईएफ, म्हणजे आपले ड्रायव्हर ज्याला नुसतं 'युरिया' म्हणतात ते द्रावण, एक्झॉस्टमध्ये फवारलं जातं आणि कॅटॅलिस्टच्या मदतीने नायट्रोजन ऑक्साइडचं रूपांतर नायट्रोजन आणि पाण्याच्या वाफेत होतं. हाच कॅटॅलिस्ट अपेक्षेपेक्षा लवकर निकामी होत होता.

ट्रक चालत होते, पण विषारी वायू मर्यादेपेक्षा जास्त सोडत होते. प्रत्यक्ष वापरातल्या ट्रकवर मोजणी यंत्रं लावून कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने केलेल्या चाचण्यांत हे उघड झालं. कमिन्सचं भारतातलं मुख्य केंद्र पुण्यात आहे, पण हा रिकॉल अमेरिकेतल्या ट्रकचा होता.

भारतात कायदा काय सांगतो?

२०१२ पासून वाहन उद्योगाची स्वेच्छा आचारसंहिता होती. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ११०-अ आलं. चालक, प्रवासी, रस्त्यावरचे इतर लोक किंवा पर्यावरण यांना अपाय करणारा दोष असेल, तर सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं.

१ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार:

• गाडी ७ वर्षांपेक्षा जुनी नसावी.
• ट्रक आणि बससाठी वार्षिक विक्रीच्या ३ टक्के तक्रारी आल्या, तर चौकशीची प्रक्रिया सुरू होऊ शकते.
• सक्तीचा रिकॉल झाला तर कंपनीला १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तुलनेसाठी, अमेरिकेत सुरक्षेशी संबंधित रिकॉलची मोफत दुरुस्ती पहिल्या विक्रीपासून १५ वर्षांपर्यंत मिळते.

मग अडचण कुठे आहे?

नोटीस नोंदीतल्या पत्त्यावर जाते. ट्रक सेकंड हँड घेतला आणि आरसी नावावर केलीच नाही, तर पत्र जुन्या मालकाकडे पोहोचतं. पगारी ड्रायव्हरला तर बहुतेक वेळा काहीच कळत नाही. गाडी वर्कशॉपमध्ये उभी राहिली की त्या दिवसाचं भाडं बुडतं, म्हणूनही काही मालक टाळाटाळ करतात. दुरुस्ती मोफत असली, तरी बुडालेला दिवस मोफत नसतो.

तुम्ही काय करू शकता?

• आरसीवरचा १७ अक्षर-अंकांचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला रिकॉलबद्दल विचारा. रिकॉलच्या कामाचे पैसे मागितले तर देऊ नका.
• जुनी गाडी घेताना आरसी आणि मोबाइल नंबर लगेच बदलून घ्या.
• डिझेलचा वास येणं, इंजिन अचानक बंद पडणं असे प्रकार वारंवार होत असतील, तर जॉब कार्डवर लेखी नोंद करून घ्या आणि केंद्र सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर तक्रार करा.

तक्रारींची टक्केवारी भरली की ही प्रक्रिया सुरू होऊ शकते. गॅरेजमध्ये तोंडी सांगून सोडून दिलेली तक्रार त्या हिशेबात धरली जात नाही.