एका खुराड्यात सगळी पलटण नको

महूला पोस्टिंग झाली की झाबुआ फार लांब राहत नाही. धारमार्गे दीडेकशे किलोमीटर. पेन्शनवर गेलेले आमचे जुने सोबती हल्ली फोनवर हमखास विचारतात, "कडकनाथ पाळू का?" त्यांच्यासाठीच एका रविवारी त्या रस्त्याला लागलो. पण उत्तर देण्याआधी या पक्ष्याचा इतिहास सांगायला हवा.

कडकनाथ हा झाबुआ-अलिराजपूर पट्ट्यातल्या भिल्ल-भिलाल्यांचा. पिसं, तुरा, जीभ, मांस सगळं काळं, म्हणून तिथे त्याला 'कालामासी' म्हणतात. अंडं मात्र फिकट बदामी. वाढ सावकाश. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास जातो, कडकनाथला दीड किलो भरायला पाच-सहा महिने लागतात. बाजाराच्या हिशोबात हा गडी मागेच पडणार. जात संपू नये म्हणून मध्य प्रदेश सरकारने १९७८ साली झाबुआत पैदास केंद्र काढलं. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याचं नाव देशभर झालं.

गंमत अशी, की ज्या ब्रॉयलरने देशी कोंबडीला बाजारातून हटवलं, त्याच्या अंगातही आपलंच रक्त आहे. असील ही आपली झुंजीची जात. हा शब्द अरबी, आणि आपल्या 'अस्सल'चं मूळही तेच. एकोणिसाव्या शतकात हे पक्षी इंग्लंडला गेले. तिथे कॉर्नवॉलमध्ये इतर जातींशी संकर होऊन 'इंडियन गेम' तयार झाली. तिचंच पुढचं नाव कॉर्निश. अमेरिकेत १९४८ साली 'उद्याची कोंबडी' निवडायची मोठी स्पर्धा झाली. ती जिंकली कॉर्निशच्या संकराने. आजच्या ब्रॉयलरची भरदार छाती त्याच घराण्यातून आलेली. झुंजीसाठी राखलेली जात अशी जगाच्या ताटात पोचली. म्हणून आज जी जात बिनकामाची वाटते ती उद्या कशासाठी लागेल, हे कोणी सांगू शकत नाही. ती तोवर जिवंत मात्र राहिली पाहिजे.

ती संपायला एक साथ पुरते. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला. लाखो पक्षी मारावे लागले. त्यात मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर आजूबाजूच्या घरांमधल्या गावठी कोंबड्याही गेल्या. नवापूरचा हा भाग बुसरा या देशी जातीचा मुलूख. तरी बुसरा उरली, कारण ती एका तालुक्यापुरती नव्हती. नंदुरबार-धुळे आणि पलीकडच्या गुजरातेतल्या आदिवासी घरांमध्ये ती विखुरलेली होती.

जानेवारी २०२१ मध्ये हीच वेळ झाबुआवर आली. तिथल्या एका कडकनाथ फार्ममध्ये बर्ड फ्लू निघाला आणि पक्षी मारावे लागले. महेंद्रसिंग धोनीने रांचीच्या आपल्या शेतासाठी याच फार्मकडे दोन हजार पिल्लं मागितली होती, म्हणून ही बातमी देशभर गाजली. पण एक फार्म रिकामा झाला म्हणून कडकनाथ संपला नाही.

याचं कारण झाबुआला गेलं की डोळ्यांनी दिसतं. भिल्लांचं गाव आपल्यासारखं दाटीवाटीचं नसतं. गावाचे फळिये असतात, आणि फळियातलं प्रत्येक घर आपापल्या शेतात, टेकाडावर, दुसऱ्यापासून अंतर राखून. एकेका अंगणात आठ-दहा कोंबड्या. फौजेत आपल्याला पहिला धडा हाच देतात, की घोळका करू नका, अंतर ठेवा, एका गोळ्यात सगळं सेक्शन जाता कामा नये. दारूगोळाही एका जागी साठवत नाहीत. सरकारी केंद्र हवंच, पण तो राखीव साठा झाला. खरी आघाडी या अंगणांची.

तेव्हा मित्रहो, कडकनाथ जरूर पाळा, पण पेन्शनची पुंजी एकदम ओतून हजार पिल्लांची शेड उभारू नका. २०१९ साली सांगलीकडे कडकनाथच्या गुंतवणूक योजनेत कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, ते विसरू नका. आठ माद्या आणि एक नर पुरे. कडकनाथची मादी खुडुक बसायला नाखूश असते, म्हणून तिची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवा. नर दरवर्षी दुसऱ्या गावातून बदलून आणा, नाहीतर रक्त एकच होऊन पिल्लं कमजोर निघतात. जात राखायची असेल तर त्यांच्यात दुसरा कोंबडा सोडू नका. पहिल्या आठवड्यातच राणीखेतच्या लसीचा थेंब डोळ्यात टाका, पशुवैद्य सांगतील तशी. कुमाऊंवाल्यांना त्या छावणीच्या नावाचा अभिमान, कोंबडीवाल्यांना मात्र धडकी!

आणि ज्यांचं गाव नंदुरबार-धुळ्याकडे आहे, त्यांनी झाबुआपर्यंत येऊच नये. तुमच्या शेजारच्या पाड्यावर बुसरा आहे. तीच आणा, आणि पहिली पिल्लं निघाली की निम्मी शेजारच्या गावात द्या.

जय हिंद.