जागलीचे बूट व मोजे

जागलीचे बूट व मोजे : रब्बी हंगामात रात्री रानात जागलीला (पिकाच्या राखणीला) किंवा पाणी द्यायला थांबणाऱ्याचे पाय गारठू नयेत, यासाठी वापरायची पादत्राणे आणि मोजे. गोदावरीच्या दक्षिण काठावरील गंगाखेड (जि. परभणी) परिसरात याची गरज डिसेंबर-जानेवारीत भासते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पारा ५ अंश सेल्सियसच्या खाली उतरल्याच्या नोंदी आहेत. नदीकाठच्या सखल, ओल्या रानात गारठा त्याहून बोचरा वाटतो.

थंड देशांत या विषयाचा खल केला तो शिकाऱ्यांनी. तासन्‌तास हालचाल न करता दबा धरून बसणाऱ्याचे पाय आधी बधिर होतात. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शिकारीला बंदी आहे. पण ज्वारी-हरभऱ्याला रानडुकरांपासून आणि हरणांपासून राखायला मचाणावर बसणाऱ्याची अवस्था वेगळी नसते. त्याच्याच बांधाला दुसरा माणूस दारे धरत (पिकाला पाटाचे पाणी देत) असतो, कारण शेतीची थ्री-फेज वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते. दोघांची थंडी एकच, बूट मात्र वेगळे लागतात. दुकानात हा फरक कोणी विचारत नाही.

पाय का गारठतात : शरीर थंड पडू लागले की मेंदू, हृदय यांची ऊब टिकवण्यासाठी हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात. पावलांत उष्णता निर्माण करणारे मोठे स्नायू थोडे, म्हणून बोटांना रक्ताने आणलेल्या उबेवरच भागवावे लागते. त्यात ओल आली तर गणित बिघडते : पाणी स्थिर हवेच्या सुमारे २५ पट उष्णता वाहून नेते. ही ओल पाटाच्या पाण्याचीच असते असे नाही. वस्तीवरून रानापर्यंत झपझप चालताना तळव्यांना घाम येतो, आणि मचाणावर बसल्यावर तोच घाम पाय गोठवतो. म्हणून जाड मोजे घरून चढवून निघू नये. पातळ मोज्यांवर चालत जावे, पोचल्यावर पाय पुसून कोरडे जाड मोजे घालावेत. महागड्या बुटापेक्षा या सवयीचा उपयोग अधिक.

मोजे : आठवडी बाजारात मिळतात ते बहुधा सुती किंवा नायलॉनचे. सुती मोजा घाम पितो आणि ओलाच राहतो. रात्रीच्या कामाला तो सर्वांत वाईट. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प शोषूनही उबदार राहते, कारण तिच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकलेली असते. दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, मोज्याला मात्र खरखरीत. ती वापरायची तर आत पातळ कृत्रिम धाग्याचा मोजा हवा. एकावर एक तीन मोजे कोंबणे ही नेहमीची चूक होय. बूट आवळला की रक्तही अडते आणि ऊब धरणारी हवाही निघून जाते. बुटात बोटे मोकळेपणी हलली पाहिजेत. त्यासाठी बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजा घालूनच मापून घ्यावा. बहुधा एक नंबर मोठा लागतो.

बूट : दारे धरणाऱ्याला गमबूट योग्य. तो पाणी अडवतो, आणि हिवाळ्यातही फिरणाऱ्या घोणसीपासून काही बचाव करतो. त्याचे दोष दोन. आतला घाम बाहेर पडत नाही, म्हणून मोज्यांचा कोरडा जोड खिशात हवा. दुसरे, भिजलेली काळी चिकण माती बूट धरून ठेवते, पाय तेवढा वर येतो. अनेकजण वैतागून अनवाणी उतरतात ते याचमुळे. पिंडरीवर घट्ट बसणारा, खोल नक्षीच्या तळाचा गमबूट घेतल्यास त्रास कमी होतो. साधा गमबूट विजेपासून संरक्षण देतो असे समजून ओल्या हातांनी पंपाच्या स्टार्टरला शिवू नये.

मचाणावरच्याला गमबूट कशाला? त्याला घोट्यावरचा, सैल, जाड तळाचा कातडी किंवा कापडी बूट पुरतो. थंडी तळातूनही शिरते. आत नमद्याचा किंवा जुन्या घोंगडीचा तुकडा कापून घालावा आणि पायांखाली पोते अंथरावे. डोके-कान बांधणे हाही पायांचाच उपाय आहे, कारण शरीर उबदार असेल तरच रक्त बोटांपर्यंत पोचते.

निगा व धोके : ओले बूट शेकोटीजवळ ठेवू नयेत. प्लास्टिक वितळते, कातडे तडकते. रद्दी कोंबून सावलीत वाळवावेत. सतत ओल्या पायांना चिखल्या होतात. थंड पाण्यात तासन्‌तास राहिल्याने नसा व त्वचा यांना होणारी इजा पहिल्या महायुद्धात ‘ट्रेंच फूट’ या नावाने कुप्रसिद्ध झाली. तिला गोठणबिंदूची थंडी लागत नाही, १० अंशांच्या आसपासही ती होते. त्या युद्धात सैनिकांना मोजे बदलणे आणि पावलांची तपासणी सक्तीची करावी लागली. बधिर पाय विस्तवावर शेकू नयेत. चटका बसलेला कळत नाही. कोरडे करून, पांघरुणात गुंडाळून हळूहळू ऊब द्यावी. मधुमेह असणाऱ्याने तर बधिरपणा नसतानाही पहाटे घरी येताच तळवे उजेडात पाहावेत, आणि फोड किंवा रंगबदल दिसल्यास दवाखाना गाठावा.