घरगुती विजेचे मोजमाप आणि त्याचा वाचक

घरातील विजेच्या वापराचा क्षणोक्षणी हिशेब ठेवणाऱ्या ‘स्मार्ट होम’ योजनांविषयी लिहिताना, गृहस्थ आजवर अंधारात होता व त्यास आता प्रथमच दिसू लागले, अशी मांडणी सर्रास केली जाते. ती इतिहासास धरून नाही. घरगुती विजेचे मोजमाप वीजविक्रीइतकेच जुने आहे; पालटत गेला तो त्या मोजमापाचा वाचक. प्रस्तुत टिपणाचा विषय तोच होय.

४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले. त्याच्या ग्राहकांकडे बसविलेल्या मापकास ना काटा होता ना आकडा. जस्ताच्या क्षाराचे द्रावण भरलेली बरणी आणि तीत जस्ताच्या पट्ट्या, एवढीच त्याची रचना. ग्राहकाच्या प्रवाहाचा ठराविक, अत्यल्प अंश तीतून जाई व एका पट्टीवरील जस्त दुसरीवर जाऊन बसे. ठराविक मुदतीने कंपनीचा माणूस पट्ट्या काढून नेई, तराजूत तोली, आणि वजनातील फरकावरून आकारणी होई. हिवाळ्यात द्रावण गोठू नये म्हणून पेटीत दिवा लावण्याची सोय करावी लागे. म्हणजे वीज मोजण्यासाठीही वीजच जाळावयाची! मापक ग्राहकाच्या भिंतीवर, परंतु वाचक एकटी कंपनी.

फिरत्या चुंबकीय क्षेत्राचे जे तत्त्व गॅलिलिओ फेरारिसने १८८५ मध्ये शोधले, त्यावर आधारलेले मापक बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील ओट्टो ब्लाथीने १८८९ मध्ये सिद्ध केले. काचेमागे फिरणारी चकती हे त्या परंपरेचे ओळखचिन्ह ठरले. वापर वाढला की चकतीचा वेग वाढे, आणि ते कोणासही दिसे. मराठीत ‘मीटर पळतो’ असे जे आपण म्हणतो, ते या चकतीकडे पाहिल्यावाचून सुचण्याजोगे नाही. सगळी बटणे बंद करून चकती तरीही फिरते काय हे पाहण्याची घरगुती परीक्षा अनेकांना ठाऊक असेल. त्या परीक्षेपुरता गृहस्थ मापकाचा वाचक झाला होता.

येथे शब्दांची साक्षही विचारात घ्यावयास हवी. ब्रिटिश व्यवहारात किलोवॉट-तासास ‘बोर्ड ऑफ ट्रेड युनिट’ म्हणत. त्यातील शासकीय मंडळ गळून मराठीत नुसते ‘युनिट’ उरले. उलट ‘लाइट बिल’ या शब्दाने, घरात वीज म्हणजे दिवाच, असा काळ जपून ठेवला आहे. शीतकपाट, पंखा, पाणी तापविण्याचे यंत्र या सर्वांचे देयक आजही दिव्याच्याच नावे येते. हा केवळ भाषेचा गमतीदार अवशेष नव्हे. महिनाअखेरच्या एका बेरजेत कोणत्या उपकरणाचा वाटा किती, हे सांगण्याची सोयच नव्हती; ‘लाइट बिल’ या नावाला आव्हान मिळावे असे त्या बेरजेत काही नव्हते.

ती बेरीज फोडण्याचा मार्ग अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जॉर्ज हार्ट याने १९८० च्या दशकात दाखविला. प्रत्येक उपकरण सुरू वा बंद होताना घराच्या एकूण भारात ठराविक उंचीची पायरी उमटते. मुख्य तारेवरील एकाच जागी या पायऱ्या टिपल्या, तर शीतकपाट कोणते व पंप कोणता हे ओळखता येते. प्रत्येक यंत्राला वेगळे मापक लागत नाही. या पद्धतीची सविस्तर मांडणी त्याने १९९२ मध्ये केली. परंतु त्याहून महत्त्वाचा, माझ्या मते, त्याचा १९८९ चा निबंध होय. घरात कोण केव्हा उठते, केव्हा घर रिकामे असते, हेही याच नोंदीवरून बाहेरच्यास कळेल, असा इशारा त्यात स्वतः हार्टनेच दिला होता. इशारा वाया गेला नाही: २००९ मध्ये नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने सक्तीच्या स्मार्ट मीटरांचा प्रस्ताव खाजगी जीवनाच्या प्रश्नावर अडविला.

आपल्याकडे १९१० च्या वीज कायद्याच्या २६ व्या कलमाने मापकाच्या अचूकतेविषयीचा वाद विद्युत निरीक्षकाकडे सोपविला होता. तो कायदा २००३ मध्ये रद्द झाला. २०२१ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या योजनेत २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटरांचे उद्दिष्ट ठरले, आणि त्यावरील वादात ‘मीटर पळतो’ ही जुनीच तक्रार पुन्हा ऐकू येते. ही तक्रार अचूकतेची आहे व तिची शहानिशा दुसरे मापक शेजारी लावून करता येते. वाचकाचा प्रश्न निराळा. अर्ध्या तासाच्या टप्प्याने नोंद झाली तर उपकरणे सहसा ओळखू येत नाहीत, मात्र घर रिकामे असल्याचे कळू शकते. सेकंदागणिक नोंद ठेवणारी यंत्रणा गृहस्थाने स्वतः बसविली व तिची नोंद घरातच राहिली, तर वाचक तो एकटा; तीच नोंद उत्पादकाच्या दूरच्या संगणकावर गेली, तर वीज न विकणारा असा एक तिसरा वाचक प्रथमच उपस्थित होतो.

चकती गेली, तरी नव्या मीटरावर एक तांबडा दिवा लुकलुकतो. अनेक मीटरांवर ‘३२०० स्पंद म्हणजे १ युनिट’ अशा अर्थाची खूण छापलेली असते. बटणे बंद करून ते लुकलुकणे पाहिले, तर जुनी परीक्षा आजही घेता येते.